सांडोर ते राजाबाई टॉवर : विद्यापीठ घराजवळ येते तेव्हा

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून वसई गावाच्या दिशेने निघाले, की इमारतींची दाटी हळूहळू विरळ होत जाते. मध्येच एखादी केळीची वाडी लागते, नारळाची झाडे दिसतात, विहिरीवरच्या पंपाचा आवाज ऐकू येतो. सांडोर हे याच पट्ट्यातले गाव. पोर्तुगीज काळापासून इथे सेंट थॉमस चर्च आहे. वाडीत राबणारी वाडवळ ख्रिस्ती कुटुंबे इथली जुनी रहिवासी. आता त्यांच्या शेजारी मुंबईहून, कोकणातून, देशावरून आलेली सर्व धर्मांची माणसे इमारतींमधून राहतात. वसई गाव आणि नालासोपाऱ्यात तर आपल्या समाजाची वस्ती मोठी आहे.

सांडोरमध्ये विद्यापीठाची कमान नाही, मनोरा नाही, कुलगुरूंचे कार्यालयही नाही. तरी सकाळी रस्त्यावर पाठीला सॅक लावलेल्या मुलामुलींच्या झुंडी दिसतात. कोणी रिक्षात दाटीवाटीने बसते, कोणी बसची वाट बघते, कोणी चालत निघते. त्यांतल्या काही मुलींच्या डोक्यावर ओढणी असते, काहींच्या अंगावर बुरखा असतो. ही मुले वसईतल्याच महाविद्यालयांत जातात. त्यांना पदवी मिळेल तेव्हा त्या कागदावर मात्र मुंबई विद्यापीठाचे नाव असेल. १८५७ साली ज्या विद्यापीठाचा कायदा झाला, त्याच विद्यापीठाचे.

मुंबई विद्यापीठाचा इतिहास सांगताना बहुधा फोर्टमधल्या इमारतींचे आणि थोरामोठ्यांचे वर्णन केले जाते. तेही सांगायला हवेच. पण आपल्या घरांच्या दृष्टीने या इतिहासाचा खरा प्रश्न वेगळा आहे : विद्यापीठ आपल्या दारापासून किती दूर होते, आणि ते किती जवळ आले? मुलगी बारावीनंतर शिकणार की घरी बसणार, हे अनेक घरांत गुणपत्रिकेपेक्षा या अंतरावर ठरत आले आहे. म्हणून हा इतिहास वाचण्यासाठी मी पुस्तकांबरोबर लोकल गाडीचाही आधार घेतला आणि सांडोरहून थेट चर्चगेटपर्यंत गेले.

इल्मची जुनी वाट

वसईला शिक्षणाचा वारा उशिरा लागला असे कोणी समजू नये. इथून जवळचे सोपारा हे प्राचीन बंदर. दहाव्या शतकातला अरब प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी याने सैमूर म्हणजे चौल, ठाणे यांच्याबरोबर सोपाऱ्याचा उल्लेख ‘सुबारा’ असा केला आहे, आणि या किनाऱ्यावर कोणती भाषा बोलली जाते याचीही नोंद ठेवली आहे. त्याच्याही हजार-बाराशे वर्षे आधी सम्राट अशोकाने इथे आपली आज्ञा दगडावर कोरून ठेवली होती. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्यात सापडलेल्या वस्तू आजही मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत, म्हणजे जुन्या टाऊन हॉलमध्ये, जपून ठेवल्या आहेत.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे वसईच्या किल्ल्यात जेझुइट पाद्र्यांनी कॉलेज चालवले. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमधल्या नागासाकी येथे मारले गेले आणि नंतर संतपदाला पोहोचले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला आणि ते कॉलेजही इतिहासजमा झाले. आज त्याचे पडके अवशेष तेवढे उरले आहेत.

म्हणजे शिकणे-शिकवणे इथे होते. मशिदीशेजारी मकतब, चर्चशेजारी शाळा, ब्राह्मणवाड्यात पाठशाळा. प्रत्येकाचे ज्ञान आपापल्या अंगणात. कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या मुलाने परीक्षेला बसावे, उत्तीर्ण झाला तर त्याला तीच पदवी मिळावी, ही व्यवस्था मात्र नव्हती. ती आणली सार्वजनिक विद्यापीठाने.

१८५७ : परीक्षा घेणारे विद्यापीठ

१८५४ साली सर चार्ल्स वुड यांनी हिंदुस्थानातील शिक्षणाविषयी आपला प्रसिद्ध खलिता पाठवला. त्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठे निघाली. मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली १८ जुलै १८५७ रोजी. उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला होता आणि इकडे विद्यापीठाचा कायदा होत होता! सुरुवातीला विद्यापीठाला स्वतःची इमारतही नव्हती. कारभार टाऊन हॉलमधून चाले.

ही तिन्ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभी होती. विद्यापीठाने शिकवायचे नाही. शिकवणार महाविद्यालये. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवणार, परीक्षा घेणार आणि पदवी देणार. या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली, कारण तिच्यामुळे घोकंपट्टी वाढली. पण तिचा एक मोठा फायदाही झाला. विद्यापीठ एका गावात बांधलेले राहिले नाही. जिथे कोणी महाविद्यालय काढील आणि त्याला संलग्नता मिळेल, तिथे विद्यापीठ पोहोचले. आज वसईत बसून मुंबई विद्यापीठाची पदवी घेता येते, त्याचे मूळ १८५७ च्या त्या रचनेत आहे.

१८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. महाराष्ट्राच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या विचारावर या पदवीधरांचा ठसा उमटला.

आणि आपण? आपला समाज त्या सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ दिसतच नाही. याची कारणे अनेक होती. फारसी आणि अरबीच्या शिक्षणाची जुनी घडी मोडली होती आणि नव्या इंग्रजी शिक्षणाबद्दल मनात शंका होती. मुले धर्मापासून दूर जातील ही भीती होती. मुंबईचे मेमन, खोजा, बोहरा व्यापारात रमलेले, तर कोकणी मुसलमान जहाजांवर आणि शेतीत. पदवीवाचून त्यांचे अडत नव्हते. आणि ज्यांचे अडत होते त्यांच्याजवळ फीसाठी पैसा नव्हता.

ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांत बद्रुद्दीन तय्यबजी पुढे होते. बंधू कमरुद्दीन आणि नाखुदा मोहम्मद अली रोगे यांच्यासारख्या साथीदारांसह त्यांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची उभारणी केली. बोरीबंदर स्टेशनासमोरची तिची देखणी इमारत आजही लक्ष वेधते. बद्रुद्दीन तय्यबजी विद्यापीठाच्या सिनेटवर अनेक वर्षे होते. त्यांचा आग्रह साधा होता : विद्यापीठाच्या दारापर्यंत मुले पोहोचायची असतील तर आधी चांगली शाळा हवी. पायरी नसेल तर दरवाजा उघडा असून काय उपयोग?

मुलींसाठी तो दरवाजा विद्यापीठाने १८८३ साली उघडला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. पण दरवाजा उघडणे आणि घरातून बाहेर पडणे यांच्यात पुष्कळ अंतर होते. ते कापायला आपल्या मुलींना आणखी कित्येक दशके लागली.

वसई रोड ते जोगेश्वरी

वसई रोड हे स्टेशन चर्चगेटपासून साधारण ५२ किलोमीटरवर आहे. १८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅक बे स्थानकापर्यंत दिवसाला एक गाडी जाऊ-येऊ लागली. वसईची केळी, पाने, फुले मुंबईच्या बाजारात नेणारी हीच रेल्वे. विद्यार्थी फार उशिरा तिच्यात चढले.

स्टेशनच्या पश्चिमेलाच विद्यावर्धिनी संस्थेचा परिसर आहे. पद्मश्री हरिभाऊ गोविंद ऊर्फ भाऊसाहेब वर्तक यांनी १९७० साली ही संस्था काढली आणि १९७१ मध्ये अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या कला शाखेला अण्णासाहेब वर्तकांचे, वाणिज्य शाखेला केदारनाथ मल्होत्रांचे आणि विज्ञान शाखेला ई. एस. अँड्राडिस यांचे नाव आहे. एकाच आवारात तीन वेगवेगळ्या घरांची नावे नांदतात. १९९४ साली याच संस्थेने अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. पुढे वसई पश्चिमेलाच संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय निघाले, विरारला विवा महाविद्यालय झाले. त्याआधीच्या पिढीला विचारा. पदवीसाठी पार्ले, अंधेरी नाहीतर थेट मुंबई गाठावी लागे. मुलगा असेल तर गाडीच्या दारात लटकून जाई. मुलगी असेल तर बहुतेक घरांत प्रश्नच येत नसे.

लेडीज डब्यात माझ्या शेजारी नालासोपाऱ्याच्या एक बाई आणि त्यांची मुलगी बसली होती. मुलीच्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद होते. बाई मूळच्या महाडकडच्या. बोलता बोलता म्हणाल्या, “आपा, मला शिकायचं होतं. पण आमच्या गावापासून कॉलेज लांब. अब्बा म्हणाले, रोज कोण नेणार आणि कोण आणणार? झालं, तिथंच संपलं. हिच्या वेळेला कॉलेज रिक्षाच्या अंतरावर होतं, म्हणून हिचे अब्बा काही बोललेच नाहीत. आता ही बी. ए. झाली. पुढचं शिकायचं म्हणते.”

मुलगी हसली आणि म्हणाली, “अम्मीनं माझ्या फॉर्मवर सही करताना तीनदा वाचला.”

या साध्या बोलण्यात विद्यापीठाच्या विस्ताराचा सगळा अर्थ मला सापडला. वडील बदलले होते का? थोडे बदलले असतीलही. पण मुख्य म्हणजे कॉलेज जवळ आले होते. ज्या गोष्टीला ‘आपल्या समाजाची मानसिकता’ म्हणून नावे ठेवली जातात, तिचा बराचसा भाग कित्येकदा अंतर, भाडे आणि सुरक्षितता एवढाच असतो.

गाडी नायगाव सोडून खाडीवरच्या पुलावर येते. मध्ये पाणजू बेट, दोन्हीकडे पाणी आणि खारफुटी. मग भाईंदर, बोरिवली, आणि पुढे जोगेश्वरी. जोगेश्वरीच्या पूर्वेला टेकडीवर इस्माईल युसूफ कॉलेज आहे. जहाजांच्या व्यवसायातले सर मोहम्मद युसूफ यांनी मुसलमानांच्या उच्च शिक्षणासाठी १९१४ साली सरकारला ८ लाख रुपये दिले. त्या काळचे ८ लाख! महाविद्यालय प्रत्यक्ष सुरू व्हायला १९३० साल उजाडले. देणगी मुस्लिम दात्याची, कॉलेज सरकारी आणि वर्ग सर्वांसाठी खुले. अभिनेते आणि लेखक कादर खान इथलेच विद्यार्थी. पुढे त्यांनी साबू सिद्दिक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवलेही.

या कॉलेजचा धडा आपण विसरू नये. मुंबईच्या एका टोकाला असलेले उच्च शिक्षण एका माणसाच्या देणगीमुळे उपनगरापर्यंत आले. जोगेश्वरी तेव्हा मुंबईबाहेरच होती. पैसा त्यांच्याकडे होता म्हणून त्यांनी दिला, हे तर खरेच. पण त्यांनी तो कशावर खर्चला, हे त्याहून महत्त्वाचे.

कलिना : पत्राने येणारे विद्यापीठ

सांताक्रूझला उतरून पूर्वेला गेले की कलिन्याचा विद्यानगरी परिसर लागतो. फोर्टमधली जागा अपुरी पडू लागल्यावर विद्यापीठाने आपले बरेचसे विभाग इकडे आणले. झाडांच्या सावलीत पसरलेल्या या परिसरात जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे, विज्ञानाचे विभाग आहेत, आणि मराठीबरोबरच उर्दू, अरबी व फारसीचेही विभाग आहेत. जी फारसी सोडून इंग्रजीकडे कसे जायचे या चिंतेत आपले पणजोबा विद्यापीठापासून लांब राहिले, त्या फारसीतही आज तिथे एम. ए. करता येते.

डब्यातल्या त्या मायलेकींना इथेच यायचे होते. १९७१ साली विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण देणे सुरू केले. त्यातूनच पुढे दूर व मुक्त शिक्षण संस्था उभी राहिली. आयडॉल या नावाने ती लोकांच्या तोंडी बसली. सध्या तिचे नाव दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र असे आहे. नोकरी करणारी मुले, लग्न झालेल्या मुली, लेकरे मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या आया यांच्यासाठी हा मार्ग आहे. रोज वर्गात जायचे नाही, पण अभ्यासक्रम विद्यापीठाचा आणि पदवीही विद्यापीठाचीच. १८५७ ला विद्यापीठ फक्त परीक्षा घेत होते. १९७१ नंतर ते टपालाच्या पिशवीतून घरी येऊ लागले, आणि आता मोबाइलवर.

या विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या यादीत न्यायमूर्ती मोहम्मद अली करीम छागला यांचे नाव आहे. १९४६-४७ च्या त्या कठीण काळात ते कुलगुरू होते. त्यांच्यानंतर आले धर्मशास्त्राचे गाढे पंडित पांडुरंग वामन काणे. फाळणीच्या उंबरठ्यावर देश उभा असताना एका सार्वजनिक संस्थेची खुर्ची छागलांकडून काण्यांकडे गेली. त्याच वर्षी छागला मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९६३ ते १९६६ या काळात ते देशाचे शिक्षणमंत्री होते.

सुरुवातीला मुंबई विद्यापीठाचा पसारा सिंधपासून धारवाडपर्यंत होता. मग एकेक प्रदेश आपले विद्यापीठ मागू लागला. १९४९ साली पुणे, बडोदा, अहमदाबाद आणि धारवाड अशी नवी विद्यापीठे उभी राहिली. आज मुंबई विद्यापीठाकडे मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे ७ जिल्हे आहेत. कोकणी मुसलमानांचे बहुतेक सगळे मुलूख यात येतात : मुरूड, महाड, श्रीवर्धन, दापोली, चिपळूण, रत्नागिरी. १९९६ साली विद्यापीठाचे इंग्रजी नाव बदलून ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ झाले.

वाढ आणि तिची किंमत

सातशेहून अधिक संलग्न महाविद्यालये आणि लाखो विद्यार्थी असा आजचा पसारा आहे. २०२१ साली राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेने, म्हणजे नॅकने, विद्यापीठाला ३.६५ गुणांकासह ‘ए प्लस प्लस’ दर्जा दिला. पण एवढी मोठी संस्था चालवताना ती अडखळतेही. २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याची घाई झाली आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. पुढच्या प्रवेशाच्या तारखा निघून गेल्या. त्या वर्षी कुलगुरूंना पद सोडावे लागले. ज्यांच्या घरात पैसा होता त्यांनी वर्ष सांभाळून नेले. ज्या मुलीला ‘या वर्षी प्रवेश मिळाला तर शिक, नाहीतर रिश्ता आलाय’ असे सांगितले गेले होते, तिच्यासाठी एकेक महिना भारी होता.

म्हणून कोकणासाठी वेगळे विद्यापीठ हवे ही मागणी अधूनमधून होते. सावंतवाडीच्या मुलाने दाखल्यासाठी कलिन्याला का यावे, हा प्रश्न रास्त आहे. ठाणे, कल्याण, रत्नागिरी येथे विद्यापीठाची उपकेंद्रे झाली आहेत. पण उपकेंद्र म्हणजे नुसती पाटी नको. तिथे कामही व्हायला हवे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. एवढ्या मोठ्या वस्तीला आपल्या शिक्षणाच्या कामासाठी अजून गाडी पकडून मुंबईकडेच जावे लागते, याचा विचार लोकप्रतिनिधींनी करायला हवा आणि त्यांना तो आपणही विचारायला हवा.

आकडे आपल्यालाही आरसा दाखवतात. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार देशात वीस वर्षांवरील लोकांत पदवी किंवा पदविका असणारे सुमारे ७ टक्के होते. मुसलमानांत हेच प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होते. त्याला आता बरीच वर्षे झाली आणि चित्र हलले आहे. ते कुठे हलले? जिथे कॉलेज हाताशी आले तिथे. भिवंडीचे उदाहरण घ्या. कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीने यंत्रमागांच्या त्या गावात जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय काढले. कॉलेज गावात आणि फक्त मुलींचे. ज्या घरांतून मुलगी कधी कल्याणलाही एकटी गेली नव्हती, त्या घरांतून मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर निघाल्या.

राजाबाई

चर्चगेटला उतरून पाच-सात मिनिटे चालले की ओव्हल मैदान. मैदानाच्या पलीकडे राजाबाई टॉवर. २८० फूट उंचीचा हा मनोरा आणि त्याखालचे ग्रंथालय यांचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने केला. शेजारच्या दीक्षान्त सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर यांनी १ लाख रुपये दिले. ते १८७४ मध्ये पुरे झाले. ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी ४ लाख रुपये दिले. १८६९ मध्ये सुरू झालेले मनोऱ्याचे काम १८७८ मध्ये संपले. २०१८ साली युनेस्कोने या परिसरातील इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

प्रेमचंद रायचंद हे जैन, कावसजी जहांगीर पारशी, तय्यबजी आणि मोहम्मद युसूफ मुसलमान. सार्वजनिक विद्यापीठ उभे राहते ते असे. सरकारच्या कायद्याने, आणि ज्यांनी पैसा कमावला त्यांच्या हातून. वसईतही हेच घडले.

मनोऱ्याला नाव दिले आहे ते प्रेमचंद रायचंद यांच्या आईचे. सांगतात, की राजाबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हते. जैन रीतीप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायचे, त्यासाठी घड्याळाच्या ठोक्यांनी त्यांना वेळ कळावी, म्हणून मुलाने हा मनोरा बांधवला. कथा कितीही वाढवलेली असो, पण मुंबईच्या पहिल्या विद्यापीठाच्या माथ्यावर एका आईचे नाव आहे, ही गोष्ट दगडाइतकी खरी आहे. आणि त्याच विद्यापीठात डॉ. स्नेहलता देशमुख कुलगुरू असताना, १९९५ ते २००० या काळात, विद्यार्थ्यांच्या प्रमाणपत्रांवर वडिलांबरोबर आईचेही नाव येऊ लागले. तोपर्यंत आया मुलांना वाढवत होत्या, डबा देत होत्या, परीक्षेच्या दिवशी दुआ करत होत्या, आणि कागदावर कुठेच नव्हत्या.

आता आपल्या घरात

भगिनींनो, बंधूंनो, वहीचा पहिला अवतरित शब्द ‘इक्रा’ म्हणजे ‘वाच’ हे आपण प्रत्येक जलशात ऐकतो. तो शब्द ऐकून घरी आल्यावर काय करायचे, हे मात्र प्रत्येक घराला स्वतः ठरवावे लागते. काही गोष्टी अगदी हाताशी आहेत.

दहावीचा निकाल लागण्याआधीच आपल्या भागातली महाविद्यालये पाहून घ्या. ती कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, कोणत्या शाखांना मान्यता आहे, नॅकचा दर्जा काय, हे विचारा. केवळ मोठी जाहिरात पाहून पैसे भरू नका.

मुलगी रोज जाऊ शकत नसेल तर घरी बसवू नका. दूरस्थ शिक्षणाचा अर्ज भरा. लग्न ठरत असेल तर शिक्षण पुढे चालू राहील, हे बोलणी करतानाच स्पष्ट करा.

कागदपत्रांत आपण फार मागे पडतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवा. राज्य शासनाने २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. आपल्यातल्या कित्येक बिरादऱ्या ओबीसीत येतात. दाखला नाही म्हणून ही सवलत हातची जाते.

आणि ज्यांना अल्लाहने दिले आहे त्यांच्यासाठी एक विनंती. प्रत्येकाला कॉलेज काढता येणार नाही. पण मोहल्ल्यातल्या दोन मुलींचा वर्षाचा रेल्वे पास आणि पुस्तकांचा खर्च उचलता येईल. सर मोहम्मद युसूफ यांनी ८ लाख देऊन जे केले, तेच काम आपल्या ऐपतीप्रमाणे हे आहे. विद्यापीठ आणखी थोडे जवळ आणायचे.

मुंबई विद्यापीठाला फोर्टमधून वसईत यायला शंभराहून जास्त वर्षे लागली. आता ते रिक्षाच्या अंतरावर आहे. उरलेली वाट फक्त घराच्या उंबरठ्याची आहे, आणि ती ओलांडायला कोणत्याही सरकारच्या मान्यतेची गरज नाही.